सुळेवाला राजा : केदाहच्या बखरीतील एका रक्तभक्षकाचा शोध

२०१९ साली मलेशियात ‘उपिन आणि इपिन : केरिस सियामांग तुंगाल’ हा चलच्चित्रपट प्रदर्शित झाला. लेस कोपाक या संस्थेची ‘उपिन आणि इपिन’ ही चित्रमालिका २००७ पासून तेथील मुलांच्या अंगवळणी पडलेली होती. त्यातील जुळे पोरके भाऊ या चित्रपटात एका केरिसाच्या, म्हणजे मलायी कट्यारीच्या, निमित्ताने इंदरलोक नावाच्या कथाराज्यात जाऊन पोहोचतात. मलायी लोककथांतील मत जेनिन, बेलालांग, बावांग पुतिह अशी ओळखीची पात्रे तेथे एकत्र आणलेली आहेत. (यांतील मत जेनिन हा माडावर चढून मनोराज्य करणारा इसम, आपल्या शेखमहंमदाचाच तो सख्खा भाऊ.) या राज्यातील खलनायकाचे नाव राजा बेरसिओंग. ‘सिओंग’ म्हणजे सुळा, हिंस्र श्वापदाचा असतो तसा. ‘बेर’ हा मलायी उपसर्ग एखादी वस्तू जवळ असणे दाखवितो. तेव्हा ‘राजा बेरसिओंग’ म्हणजे सुळेवाला राजा. मुलांच्या करमणुकीतील एका दुष्टाचे हे नाव इतिहासाच्या अभ्यासकाने गंभीरपणे का घ्यावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा दुष्ट कोणा पटकथाकाराने निर्माण केलेला नाही. तो केदाहच्या राजघराण्याने आपल्या वंशावळीत स्वतःच्या हाताने नोंदवून ठेवलेला पूर्वज आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करावयास हवा. मलायी लोकसमजुतींतील रक्तशोषक म्हटले की अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे पोंतियानाक आणि लांगसुयर ही पिशाचे येतात. स्कीट याने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या मलायी मंत्रतंत्रावरील ग्रंथात लांगसुयरचे वर्णन दिले आहे. बाळंतपणाच्या आघाताने मेलेल्या स्त्रीचे ते पिशाच. त्याचा वेष हिरवा, केस घोट्यापर्यंत लांब, आणि मानेमागे एक भोक, ज्यातून ते मुलांचे रक्त शोषते. केस व नखे कापून त्या भोकात कोंबली की ते सामान्य स्त्रीप्रमाणे संसार करू लागते. प्रेताचे असे पिशाच होऊ नये म्हणून तोंडात काचेचे मणी, काखेत कोंबडीची अंडी आणि तळहातांत सुया ठेवण्याची रीत होती. कोकणातील अलवंतीण ज्या भीतीतून जन्मली त्याच भीतीतून ही पिशाचेही जन्मली, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. परंतु राजा बेरसिओंग या कुळातला नव्हे. तो मेलेला नाही, स्त्री नाही, रानातल्या झाडावरही राहत नाही. तो सिंहासनावर बसतो, आणि रक्ताची चव त्याला जेवणाच्या ताटात लागते. पोंतियानाकच्या मुळाशी प्रसूतीचे दुःख आहे. बेरसिओंगच्या मुळाशी सत्ता आहे. रक्तप्राशन एवढ्या एका समान लक्षणावरून दोहोंना एका कप्प्यात टाकणे म्हणजे वर्गीकरणाच्या नावाखाली विचार टाळणे होय.

ही कथा ज्या ग्रंथात येते त्याचे नाव ‘हिकायत मेरोंग महावंग्सा’. ‘हिकायत’ हा अरबी शब्द, कथा या अर्थाचा. पण या ग्रंथाचे स्वरूप लक्षात घेता आपल्याकडील ‘बखर’ हाच त्याला जवळचा शब्द. वंशाचा उगम दिव्य, मधल्या काळाला अद्‌भुताची दाट झालर, आणि पुढे पुढे व्यवहाराचा स्पर्श, ही बखरीची सारी लक्षणे येथे आहेत. मद्रास सेनेतील अधिकारी जेम्स लो याने त्याचे इंग्रजी भाषांतर १८४९ साली प्रसिद्ध केले. मलायी संहिता स्टरॉक याने १९१६ मध्ये छापली. पुढे सिती हावा सालेह यांची आवृत्ती १९७० साली आणि हेंड्रिक मायर यांचा या ग्रंथावरील विस्तृत प्रबंध १९८८ साली आला. आज उपलब्ध असलेल्या रूपात बखर जुनी नाही. अठराव्या शतकाची अखेर किंवा एकोणिसाव्याचा आरंभ याच्या फार मागे तिला नेता येत नाही. तिच्या पोटातील सामग्री मात्र पुष्कळ जुनी आहे.

बखरीतील वृत्तान्त थोडक्यात असा. ओंग महा पेरिता देरिया नावाचा राजा जात्याच तापट होता. एके दिवशी भाजी चिरण्याच्या घाईत पाकशाळेतील माणसाचे बोट कापले आणि रक्ताचा थेंब माठाच्या कालवणात पडला. राजाची जेवणाची वेळ झालेली. नवे कालवण करण्यास अवसर नव्हता. तेच ताटात गेले. राजाला ते कधी नव्हे इतके रुचकर लागले. त्याने धाक घालून कारण काढून घेतले. मग गुन्हेगारांचा वध करवून त्यांच्या रक्ताने अन्न सिद्ध होऊ लागले. गुन्हेगार संपले तेव्हा निरपराध माणसांची पाळी आली. राजाच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत सुळे वाढले, आणि लोक त्याला राजा बेरसिओंग म्हणू लागले. चार मंत्र्यांनी समजावून पाहिले. उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलले. राजा एकटा रानात पळाला, आणि तेथे एका शेतकऱ्याच्या घरी आश्रय घेऊन राहिला. त्या घरातील मुलीपासून त्याला मुलगा झाला. इकडे गादी रिकामी. सयामच्या राजाकडे विचारणा झाली, ज्योतिषाचा कौल मिळाला, हत्ती सोडण्यात आला. आणि हत्तीने शेतकऱ्याच्या घरून नेमके त्याच मुलाला उचलून आणले. त्याचे नाव फ्रा ओंग महापोदिसात ठेवण्यात आले.

भारतीय वाङ्मयाशी परिचय असणाऱ्यास ही कथा ऐकल्यासारखी वाटेल, आणि ते बरोबर आहे. नरमांसभक्षक राजाची कथा आपल्याकडे किमान तीन रूपांत आढळते. महाभारताच्या आदिपर्वात व विष्णुपुराणात तो कल्माषपाद आहे. विष्णुपुराणात एक सूडाने पेटलेला राक्षस आचाऱ्याचे रूप घेऊन नरमांस शिजवितो. ते पुढे आलेले पाहून वसिष्ठ शाप देतो. राजाही प्रतिशापासाठी पाणी हाती घेतो, पण राणी त्याला आवरते. ते पाणी तो स्वतःच्या पायांवर सोडतो. पाय डागाळतात, म्हणून कल्माषपाद. पाली महासुतसोम जातकात तो वाराणसीचा राजा पोरिसाद होय. उपोसथाच्या दिवशी पशुवध बंद. साठवून ठेवलेले मांस कुत्र्यांनी पळविले. घाबरलेल्या आचाऱ्याने स्मशानातून ताज्या प्रेताच्या मांडीचे मांस आणून रांधले. पूर्वजन्मी यक्ष असलेल्या राजाला त्या चवीची ओळख पटली, आणि पुढचे सारे घडले. तिसऱ्या रूपात, म्हणजे आर्यशूराच्या जातकमालेत, राजा सौदास हा सिंहिणीच्या पोटी जन्मलेला आहे; मांसाची ओढ त्याच्या रक्तातच आहे. महाराष्ट्रातील अभ्यासकास याचा पुरावा शोधावयास दूर जावे लागत नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात राजा व सिंहीण यांचा प्रसंग रंगविलेला आहे. औरंगाबादच्या ३ क्रमांकाच्या लेण्यात तर सुतसोमाची कथा स्तंभांवरील तुळयांवर शिल्पपट्टाच्या रूपाने कोरलेली आहे. जावा बेटावर मजपहित राज्याच्या भरभराटीच्या काळात, चौदाव्या शतकात, म्पू तंतुलार याने ‘सुतसोम’ हे काकविन रचले. त्यातही हा राजा पोरुसाद या नावाने येतो. याच काव्यातील एका ओळीवरून इंडोनेशियाचे राष्ट्रीय बोधवाक्य घेतले आहे.

येथे नावांकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. एकाच पात्राला तीन परंपरांनी तीन नावे दिली, आणि प्रत्येक नावाने देहाचा वा कृतीचा निराळा भाग निवडला. संस्कृत नाव पायांवर बोट ठेवते. पाली नाव कृतीचे आहे : पोरिसाद, म्हणजे पुरुषाद, माणसे खाणारा. मलायी नाव दातांचे आहे. नामकरण म्हणजे नुसती खूण नव्हे. समाजाला त्या पात्रात काय महत्त्वाचे वाटले याचा तो निर्णय असतो. पायांवरचे डाग ही राजाने आवरलेल्या क्रोधाची साक्ष होय. शाप देण्याचे सामर्थ्य असूनही त्याने ते दुसऱ्यावर वापरले नाही. म्हणजे कल्माषपाद या नावात राजाविषयी थोडी सहानुभूती आहे, थोडा आदरही आहे. पोरिसाद या नावात निंदा आहे, पण माणूस ती कृती सोडू शकतो, आणि जातकाच्या अखेरीस हा राजा ती सोडतोही. सुळा मात्र सोडता येत नाही. तो कर्माने उगवला, आणि उगवल्यावर सर्वांना दिसू लागला.

हाच भेद दोषाच्या प्रश्नाला जाऊन भिडतो, आणि या कथेचे खरे मर्म तेथे आहे. पुराणातील राजाचा अपराध जवळजवळ नाहीच. राक्षसाने कपट केले, ऋषीने घाईने शाप दिला, आणि शापाला बारा वर्षांची मुदतही घालून दिली. सिंहिणीच्या पोटी जन्मलेल्या राजाला तर जन्मच आडवा येतो. पाली कथेत पूर्वजन्मीच्या यक्षत्वाचा आधार आहे. मलायी बखरीत यांपैकी एकही सबब नाही. शाप नाही, राक्षस नाही, पूर्वजन्म नाही, सिंहीण नाही. उरते फक्त कापलेले बोट. पहिला थेंब अपघाताचा, दुसरा थेंब हुकुमाचा. रक्त कोणाचे हे कळल्यावर राजाने कालवण दूर सारले असते तर कथा तेथेच संपली असती. त्याने तसे केले नाही, आणि का केले नाही याला बखर एवढेच उत्तर देते की त्याला ते आवडले. राजाची आवड हेच जेथे पुरेसे कारण ठरते तेथे काय होते, हे बखरकाराने भाष्याचा एक शब्द न वापरता दाखविले आहे. भारतीय रूपांच्या मानाने मलायी रूप ओबडधोबड आहे, तत्त्वचर्चा त्यात नाही, असे म्हणणारे म्हणोत. राजाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न इतक्या नागव्या रूपात इतर कोणत्याही आवृत्तीत उभा राहत नाही.

कथा केदाहला कोणत्या वाटेने पोहोचली असावी? केदाहचा भारताशी संबंध पुरातन आहे. बुजांग खोऱ्यात बौद्ध व हिंदू वास्तूंचे अवशेष सापडले आहेत. इत्सिंग सातव्या शतकात भारताकडे येताना येथे थांबला होता. जेम्स लो यालाच १८३४ मध्ये त्या परिसरात रक्तमृत्तिकेच्या बुद्धगुप्त नावाच्या महानाविकाचा, सुमारे पाचव्या शतकातील, शिलालेख मिळाला. तो पुढे कलकत्त्याच्या संग्रहालयात गेला. यावरून कथा त्या जुन्या बौद्ध वस्तीबरोबरच आली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण भाषेचा पुरावा दुसरीकडे बोट दाखवितो. मुलाच्या नावातील ‘पोदिसात’ हा शब्द म्हणजे बोधिसत्त्व, यात शंका नाही. संस्कृतातून सरळ मलायीत आलेल्या शब्दांत आरंभीचा ‘ब’ टिकतो : बुद्धीचे ‘बुदी’, भाषेचे ‘बहासा’ असे रूप होते. त्या वाटेने बोधिसत्त्वाचे ‘बोदिसत्व’च्या जवळपासचे काहीतरी झाले असते. सयामी भाषेत मात्र संस्कृत-पाली ‘ब’चा उच्चार ‘फ’सारखा होतो आणि शेवटचे जोडाक्षर गळते. बोधिसत्त्वाचे तेथे ‘फोथिसात’ होते. मलायी ‘पोदिसात’ हे त्याचेच पुढचे रूप दिसते. ‘फ्रा’ आणि ‘ओंग’ ही राजवाचक उपपदेही सयामी प्रघातातील आहेत. याच्या उलट ‘महावंग्सा’ हे रूप सयामी नव्हे. सयामी तोंडी वंशाचा ‘वोंग’ झाला असता. म्हणजे ‘फ्रा ओंग महावंग्सा’ या एकाच नावात दोन थर एकावर एक बसलेले आहेत, खाली जुन्या संस्कृत-मलायीचा आणि वर सयामीचा.

नावाची वाट तीच कथेची वाट असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. पण पाकशाळेतील प्रसंगाचा क्रम, मंत्र्यांची समजावणी, राजाची हकालपट्टी, मुलाला गादी, हे सारे टप्पे पुराणापेक्षा पाली जातकाशी अधिक जुळतात. जातकातही सेनापती काळहत्थी दृष्टांतांमागून दृष्टांत सांगून राजाला वळविण्याचा यत्न करतो, आणि तो वळत नाही असे पाहून नगरजन त्याला घालवून देतात. पाली जातकांचे पठण-पाठण सयामात अखंड चालू होते. तेव्हा सयामी बौद्ध वातावरणातून ही कथा केदाहच्या दरबारात उतरली, असा तर्क तूर्त अधिक सयुक्तिक ठरतो.

तथापि जातकाचा उत्तरार्ध, म्हणजे सुतसोमाने सत्यवचनाच्या बळावर पोरिसादाचे मन पालटणे, हा त्या कथेचा आत्मा. तो बखरीतून नाहीसा झाला आहे. राजा रानात जातो, आणि त्याला उपदेश करावयास कोणी बोधिसत्त्व येत नाही. बोधिसत्त्वाचे नाव मात्र उरते, आणि ते नरभक्षकाच्या मुलाला मिळते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या मुलाचा मुलगा, म्हणजे राजा बेरसिओंगचा नातू, फ्रा ओंग महावंग्सा. त्याच्या कारकिर्दीत येमेनहून शेख अब्दुल्ला येतो. नातू रक्त पीत नाही, पण मद्याचा नादी आहे. शेख ते मद्य त्याच्याकडून सोडवितो, त्याला इस्लामची दीक्षा देतो, आणि राजा सुलतान मुजफ्फर शाह होतो. जातकातील उत्तरार्ध नाहीसा झाला नसून दोन पिढ्या पुढे सरकला असावा. आजोबाचे व्यसन नातवात सौम्य होऊन उतरले, आणि बोधिसत्त्वाची उपदेशकाची जागा शेखाने घेतली, असे वाचण्यास संहितेत पुरेसा आधार आहे. बखरकाराने हे जाणूनबुजून केले की कथेच्या आकारानेच त्याच्याकडून करवून घेतले, याचा निर्णय करण्याचे साधन नाही. आणि तो निर्णय फारसा आवश्यकही नाही.

मलायी राजनीतीच्या इतिहासात या कथेचे स्थान विलक्षण आहे. ‘सजारह मेलायू’ या मलाक्काच्या बखरीत राजा आणि प्रजा यांच्यातील आद्य करार सांगितला आहे. त्यानुसार राजाने प्रजेची अप्रतिष्ठा करू नये आणि प्रजेने कधीही राजद्रोह करू नये. राजद्रोहाला मलायीत ‘दरहाका’ म्हणतात. हा शब्द संस्कृत द्रोहापासून आलेला आहे, आणि मलायी कानाला त्याइतका जड शब्द दुसरा नाही. केदाहच्या मंत्र्यांनी नेमके हेच केले. असे असूनही बखर त्यांना दोष देत नाही. ती त्यांनाच नव्या राजाच्या शोधाचे काम सोपविते. वंश बदलत नाही, हत्ती त्याच वंशाच्या मुलाला आणतो. राजा घालविता येतो, राजवंश घालविता येत नाही, अशी ही तडजोड होय. १८२१ मध्ये सयामने केदाह जिंकले, सुलतान अहमद ताजुद्दीनला पिनांगला आश्रय घ्यावा लागला, आणि १८४२ पर्यंत त्याला परतता आले नाही. त्या वर्षांत ही बखर वाचणाऱ्या दरबाऱ्यांना पळून गेलेल्या राजाची आणि सयामच्या कौलाची कथा केवळ पुराणी वाटली असेल, हे संभवत नाही.

या घराण्याने आपला सुळेवाला पूर्वज लपविला नाही, याचा आधुनिक पुरावाही आहे. १९६८ साली जमील सुलाँग यांच्या दिग्दर्शनाखाली ‘राजा बेरसिओंग’ हा रंगीत चित्रपट निघाला. त्याचे कथालेखक तुंकू अब्दुल रहमान होते, म्हणजे त्या वेळी पदावर असलेले मलेशियाचे पहिले पंतप्रधान. ते केदाहचे सुलतान अब्दुल हमीद हलीम शाह यांचे पुत्र. राजपुत्र म्हणून जन्मलेला आणि मतपेटीतून सत्तेवर आलेला माणूस आपल्याच वंशातील पदच्युत राजाची कथा निवडतो, ही निवड निव्वळ प्रादेशिक अभिमानाची म्हणून सोडून देता येत नाही. केदाहमध्ये बालिंग नावाचे गाव आहे. ‘बालिंग’ म्हणजे फेकणे. राजाने पश्चात्तापाने की संतापाने आपले सुळे उपटून तेथून फेकले, म्हणून ते नाव पडले. आणि ते जेथे पडले ते सिओंग, असे तेथील लोक सांगतात. शब्दव्युत्पत्ती म्हणून हे फार टिकणारे नाही. स्थलनाम आधी आणि कथा मागून, हाच क्रम बहुधा खरा. पण ‘सुळा सोडता येत नाही’ या बखरीतील गृहीताला लोककथेने दिलेले हे उत्तर म्हणून त्याचे मोल आहे. बखरीने राजाला पश्चात्तापाची संधी दिली नाही. गावकऱ्यांनी ती दिली. याच बालिंगमध्ये डिसेंबर १९५५ मध्ये तुंकू व बंडखोर कम्युनिस्टांचा नेता चिन पेंग यांची वाटाघाट झाली होती, हे येथे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

२०१९ च्या चित्रपटापर्यंत येताना कथेचा गुरुत्वमध्य कालवणाच्या वाडग्यावरून कट्यारीवर गेला आहे. मुलांच्या साहसकथेचा धर्मच असा की खलनायकाला हरवावयाचे असते. तो खलनायक कशाने झाला ही चौकशी तिला परवडत नाही. त्यामुळे तेथे सुळे हे दुष्टपणाचे फळ न राहता दुष्टपणाची निशाणी होतात, आणि राजा प्रथमदर्शनीच ओळखू येतो. बखरीत सुळे सर्वांत शेवटी येतात : आधी चव, मग हुकूम, मग वध, आणि तेव्हा कुठे दात. पाकशाळेतील त्या माणसाने मात्र, धाकापुढे का होईना, राजाला खरे सांगितले होते. आणि त्याचे नाव बखरीनेही दिलेले नाही.